चप्पल हा प्राणी आहे का? (‘अ‍ॅनिमल, व्हेजिटेबल, मिनरल’ मराठीत कसं लिहाल)

शब्दवेडी, धरमपेठ
नमस्कार मंडळी. रेडिओवरच्या जुन्या खेळांवरचा एक लेख मराठीत आणतेय, त्यात एका जागी गाडं अडलंय. ‘ट्वेंटी क्वेश्चन्स’ १९४६ साली अमेरिकेत म्युच्युअल रेडिओवर सुरू झाला. बातम्या सांगणारे फ्रेड व्हॅन डेव्हेंटर जो खेळ घरच्यांबरोबर खेळत, तोच त्यांनी बायकोमुलांसकट स्टुडिओत नेला. १९४९मध्ये तो टीव्हीवरही आला. एक वस्तू ठरलेली असते, खेळणाऱ्यांनी वीस प्रश्नांत ती ओळखायची, उत्तर फक्त हो किंवा नाही. आधी एकच सवलत: वस्तू अ‍ॅनिमल, व्हेजिटेबल की मिनरल, तेवढं सांगतात. मी ‘प्राणी, वनस्पती, खनिज’ लिहिलं. संपादकांचा शेरा आला, “चप्पल हा प्राणी आहे का?” चामडं अ‍ॅनिमलमध्ये जातं ना! ‘प्राणिज’ करावं तर ओळखायचं उत्तर नेपोलियन असलं की अडतं, कारण माणूसही अ‍ॅनिमलमध्येच. तो प्राणिज कसा?

महालचा वैद्य
ताई, हे काम आपल्याकडे केव्हाच होऊन गेलं आहे. चरकसंहिता, सूत्रस्थान, पहिलाच अध्याय. द्रव्यं तीन प्रकारची: जंगम म्हणजे प्राण्यांची, औद्भिद म्हणजे जमिनीतून उगवणारी, पार्थिव म्हणजे खनिजं. जंगमात मध, दूध, कातडं, हाडं, शिंगं, नखं, केस सगळं येतं. चप्पलही बसली, नेपोलियनही बसला.

कचेरीतला
वैद्यबुवा, दंडवत. पण माझं आयुष्य कोर्टाचे कागद मराठीत करण्यात गेलं. तिथे जंगम म्हणजे हलवता येते ती मालमत्ता. माझी स्कूटर जंगम, बायकोचे दागिने जंगम. तुमच्या हिशेबाने दोन्ही पार्थिव! शिवाय ‘पार्थिव’ म्हटलं की आजच्या वाचकाला फक्त अंत्यदर्शन आठवतं.

लातूरची सून
आमच्या माहेरी जंगम म्हणजे लिंगायतांचे स्वामी. “वस्तू जंगम आहे” वाचून मी तरी आधी नमस्कार केला असता.

गोट्या बजाजनगर
काहून एवढा ताप करून घेता बे? अ‍ॅनिमल, व्हेजिटेबल, मिनरल असंच लिहा. पोट्ट्यांना समजते.

महालचा वैद्य
असंच लिहायचं तर अनुवाद कशाला, मूळच छापा. याच नागपुरात डॉ. रघुवीरांनी हजारो इंग्रजी शब्दांना संस्कृत प्रतिशब्द दिले. थट्टा झाली, पण त्यातले किती शब्द आज आपण सहज वापरतो ते मोजा कधीतरी.

गोट्या बजाजनगर
मोजतो जी. पण स्टेशनवर उभं राहून ‘लोहपथगामिनी’ कोणी म्हणत नाही.

कचेरीतला
तो शब्द रघुवीरांच्या नावावर खपवू नका. थट्टेखोरांनी त्यांच्या खात्यावर बरंच काही जमा केलं आहे.

शब्दवेडी, धरमपेठ
दुसरी अडचणही आत्ताच सांगून टाकते. बीबीसीवर हा खेळ १९४७ पासून पुढे १९७६ पर्यंत चालला. तिथे नॉर्मन हॅकफर्थ नावाचे गृहस्थ घरी बसलेल्या श्रोत्यांना उत्तर हळूच सांगून टाकत, ते स्टुडिओतल्या मंडळींना ऐकू जात नसे. त्यांना ‘मिस्टरी व्हॉइस’ म्हणत. ‘गूढ आवाज’ मला भुताटकीसारखं वाटतंय.

लातूरची सून
बोलणारा दिसत नाही, पण आवाज येतो आणि खरं तेच सांगतो. कंसाने ऐकली ती काय? आकाशवाणी! नेमका तोच शब्द रेडिओने आधीच पळवला.

शब्दवेडी, धरमपेठ
वा! पण मग वाचकाला वाटेल की बीबीसीवर नागपूर केंद्र लागत होतं.

निवृत्त मास्तर, उमरेड
लेखाला नाव काय देताय? ‘प्रश्नमंजूषा’ देणार असाल तर जू दीर्घ लिहा. निम्मा महाराष्ट्र ह्रस्व लिहितो. मंजूषा म्हणजे पेटी. ‘क्विझ’ या शब्दाची गोष्टही घाला: डब्लिनच्या एका नाटकगृहवाल्याने पैज लावून रातोरात भिंतींवर हा निरर्थक शब्द लिहवला आणि तो रूढ केला.

कचेरीतला
मास्तर, गोष्ट छान आहे, पण खरी नाही. ती पैज १७९१ची सांगतात आणि फॅनी बर्नी या इंग्रज लेखिकेच्या रोजनिशीत हा शब्द १७८२ सालीच आहे, ‘विक्षिप्त माणूस’ या अर्थाने. परीक्षेचा अर्थ पुढच्या शतकातला. आणि हा खेळ प्रश्नमंजूषा नव्हेच. तिथे विचारणाऱ्याला उत्तर ठाऊक असतं, इथे विचारणाराच चाचपडतो. याला ‘ओळखा पाहू’ म्हणा.

गोट्या बजाजनगर
आमची आजी म्हणे, “ओयख बरं, मुठीत काय हाय?” वीस प्रश्न कुठले, दोन चुकले की चिंचोका तिचा.

निवृत्त मास्तर, उमरेड
जुना शब्द उखाणा. आता त्यात फक्त नवऱ्याचं नाव उरलं, पण मुळात उखाणा म्हणजे कोडंच. माझ्या मते तो ‘उपाख्याना’पासून आला.

लातूरची सून
‘माझ्या मते’ म्हणालात म्हणून सोडून देते. ताई, तिन्ही शब्दांची एक परीक्षा घ्या. मनात संत्रा बर्फी धरा. संत्र्याचं औद्भिद, खव्याचं जंगम, वर चांदीचा वर्ख पार्थिव. काय सांगाल?

महालचा वैद्य
मिश्र. ते लोकही अशा वेळी दोन-दोन वर्ग सांगत असणार.

गोट्या बजाजनगर
वर्खाची बर्फी घेता? मोठे लोक.

निवृत्त मास्तर, उमरेड
‘संत्रा बर्फी’ का? संत्रे हा शब्द नपुंसकलिंगी. ते संत्रे, ती संत्री.

गोट्या बजाजनगर
मास्तर, कॉटन मार्केटात जाऊन “संत्रे गोड आहे का” विचारा, पुण्याचा भाव लावतील. संत्रा गोड निघाला, संत्रा आंबट निघाला. पिकतो इथे, लिंग पुण्याने ठरवायचं?

निवृत्त मास्तर, उमरेड
मी जन्माने उमरेडचा आहे, मला पुणं दाखवू नकोस. तसा शब्दच पोर्तुगालच्या सिंत्रा गावावरून आला.

कचेरीतला
बाबराच्या आठवणींत ‘संगतरा’ आहे, मास्तर.

शब्दवेडी, धरमपेठ
मंडळी, लेख उद्या द्यायचा आहे. चपलेचं काय करू?

लातूरची सून
थांबा ताई, आधी मास्तरांना बाबराचं उत्तर देऊ द्या.