मांजराचं पिल्लू शी-शूचा ट्रे सोडून तुळशीच्या कुंडीत जातंय, सवय कशी लावायची?

चहाबाज_पुणे
नमस्कार मंडळी, आमच्याकडे पहिल्यांदाच मांजर आलंय. पार्किंगमध्ये सापडलेली भाटी, डॉक्टर म्हणाले साधारण तीन महिन्यांची असेल, पहिली लस झालीय, नाव मिरी. लाड सगळे करतात पण शिस्त शून्य. ट्रे आणला, त्यात भरायला लव्हेंडरच्या वासाचं लिटर (मांजराच्या शी-शूसाठीची वाळू) आणलं, बाल्कनीत वॉशिंग मशीनच्या शेजारी ठेवलं, तर बाईसाहेब तिकडे ढुंकूनही बघत नाहीत, थेट तुळशीच्या कुंडीत उकरून कार्यक्रम उरकतात. सासूबाईंनी सांगून टाकलंय की या घरात एक तर तुळस राहील नाहीतर मांजर. त्यात पहाटे पाचला पायाचा अंगठा चावते आणि सोफ्याच्या एका बाजूचे दोरे निघालेत. कुत्र्यासारखं मांजराला शिकवता येतं का, की हे असंच चालणार?

बंड्या_गडहिंग्लज
मांजराला कोण शिकवणार हो 😄 आमच्याकडे गावी घाण केली की त्यातच नाक घासायचं आणि एक फटका द्यायचा, आपोआप बाहेर जायला शिकतात.

दोन_बोके_एक_मी
बंड्याभाऊ, गावाकडं मांजर बाहेर जातं कारण बाहेर माती आहे, फटक्यामुळे नाही. नाक घासून त्याला एवढंच कळतं की या माणसासमोर करायचं नाही, मग ते पलंगाखाली नाहीतर कपाटामागे जाऊन करतं आणि तुम्हाला वास येतो पण सापडत नाही.

मिरीचं म्हणाल तर तिची काही चूक नाहीये. मऊ माती उकरून पुरायची हे तिच्या अंगातच आहे आणि तुमच्या घरात तशी जागा एकच, ती कुंडी. लव्हेंडरचा वास आपल्याला छान वाटतो, तिच्या नाकाला तो फार उग्र. आणि मशीन एकदा स्पिनला थरथरलं की ती परत त्या कोपऱ्यात कशाला जाईल? बिनवासाचं बारीक लिटर आणा, ट्रेमध्ये दोनेक इंच थर द्या, सुरुवातीला वर कुंडीतलीच मूठभर माती टाका आणि तिने कुंडीत केलेली शी उचलून ट्रेमध्येच ठेवा (हो, किळसवाणं आहे, पण वासावरून जागा लगेच कळते). ट्रे शांत कोपऱ्यात, खाण्यापाण्याच्या भांड्यांपासून लांब. जेवल्यावर आणि झोपून उठल्यावर पिल्लाला बहुतेक वेळा जावंच लागतं, तेव्हा अलगद नेऊन ट्रेमध्ये सोडा, पंजा धरून उकरून दाखवायची गरज नाही, त्याने उलट घाबरते. केलं की लगेच, म्हणजे तिथल्या तिथे, उकडलेल्या चिकनचा बोटाच्या पेराएवढा तुकडा. पाच मिनिटांनी दिलात तर तो कशाबद्दल मिळाला हे तिला कळत नाही. शी रोजच्या रोज काढायची, घाण ट्रे बघितला की मांजर दुसरी जागा शोधतंच.

कुंडीत मातीवर मोठे गुळगुळीत गोटे पसरा, पाणी घालता येतं पण उकरता येत नाही. सासूबाईही खूश.

चहाबाज_पुणे
बापरे एवढं सगळं! मशीनचं डोक्यातच आलं नव्हतं. चिकनच्या तुकड्यावर सासूबाई काय म्हणतील बघू. तोवर त्या बाल्कनी फिनाईलने पुसतायत की वास गेला तर ती परत जाणार नाही.

शेपटीवाली
फिनाईल आधी बंद करा प्लीज!! मांजराच्या लिव्हरला फिनॉल नीट पचवता येत नाही, पुसलेल्या फरशीवरून चालून ते पंजे चाटतात आणि पोटात जातं, पिल्लाला तर जास्तच धोका. साध्या साबणाच्या पाण्याने धुवा किंवा पेट शॉपमध्ये एन्झाईमवाला क्लीनर मिळतो तो वापरा. अमोनियावालं काही नको, त्याचा वास तिला शू सारखाच वाटतो आणि ती मुद्दाम तिथेच जाते. आणि घरात कोणी प्रेमाने माणसांचं तापाचं औषध देत असेल तर तेही नको, पॅरासिटामॉलने मांजर मरतं.

सोफ्याचं सोपं आहे. नख्या घासणं बंद होत नाही, जागा बदलता येते. जुन्या पाटाला नाहीतर लाकडी ओंडक्याला सुतळी घट्ट गुंडाळा, ती मागच्या पायांवर उभी राहून पूर्ण ताणली जाईल एवढा उंच हवा आणि हलता कामा नये, डुगडुगला की विषय संपला. तो सोफ्याच्या त्याच कोपऱ्याला लावून ठेवा, बेडरूममध्ये नेऊन ठेवलात तर शोभेची वस्तू होईल.

दोन_बोके_एक_मी
+१ फिनाईलबद्दल, लिहायचं राहिलंच होतं.

रात्रपाळी
अंगठ्याबद्दल मी सांगतो. पांघरुणाखाली बोटं हलवून तिला खेळवता का तुम्ही? मग तिच्यासाठी हातपाय म्हणजे शिकारच. आजपासून हाताने खेळणं घरातल्या सगळ्यांनी बंद, काठीला दोरी आणि चिंधी बांधून खेळवायचं. चावली की ओरडायचं नाही, उठून निघून जायचं. पहाटे आणि संध्याकाळी मांजर सगळ्यात जागं असतं, तो स्वभावच आहे, त्यामुळे झोपायच्या आधी तिला दमेपर्यंत पळवा आणि मग लगेच रात्रीचं जेवण द्या, पोट भरलं की अंग चाटून झोपते. पहाटे म्याव म्याव केलं तर उठून खायला द्यायचं नाही. एकदा दिलंत की ती रोज त्याच वेळेला बोलावणार.

आणि हो, कुत्र्यासारखं शिकवता येतं की. जीभ टाळूला लावून टक् आवाज काढायचा आणि त्याच क्षणी खाऊ, असं जेवणाआधी भूक असताना दोन-तीन मिनिटंच करायचं, कंटाळून निघून गेली तर जाऊ द्यायचं. टक् म्हणजे खाऊ हे पक्कं झालं की मग नाव घेतल्यावर वळून बघितलं की टक्, जवळ आली की टक्. आमची आता हाक मारली की कपाटावरून उतरून येते, आमची मुलं येत नाहीत 😂

चहाबाज_पुणे
हो, नवरा रोज पांघरुणाखाली बोटं हलवतो, आजच वाचायला देते. दुसऱ्या लसीसाठी पिशवीत घालून नेऊ का? मागच्या वेळी रिक्षात फार आकांत केला.

शेपटीवाली
पिशवी नको, रिक्षातून उडी मारली तर सापडायची नाही. कडक कॅरिअर (मांजर न्यायची दाराची पेटी) घ्या आणि तो लसीच्या दिवशी माळ्यावरून काढू नका, आत्तापासून हॉलमध्ये दार उघडं ठेवून, आत तिची झोपायची चिंधी टाकून ठेवा. खाऊ आतच द्यायचा, आपणहून जायला लागली की क्षणभर दार लावून उघडायचं, मग थोडं जास्त वेळ. जाताना वरून टॉवेल टाका, अंधारात शांत राहतात. आणि त्याच वेळी डॉक्टरांना नसबंदीचं विचारून ठेवा, पाच-सहा महिन्यांची झाली की माजावर येते आणि मग रात्रभर जे ओरडते ना, सासूबाई तुळस विसरतील.