लिफ्ट केलेली थार डावीकडे ओढते. टो बरोबर असूनही असे का होते?

प्रश्न (कोल्हापुरातील राजारामपुरीचे थारचालक)

नमस्कार. माझ्याकडे २०२० साली आलेल्या नव्या रचनेची थार आहे. मूळचे २४५/७५ आर १६ मापाचे टायर काढून मी २६५/७५ आर १६ चे ऑल-टेरेन टायर बसवले आणि ते मडगार्डला घासू नयेत म्हणून स्पेसर (स्प्रिंगपाशी बसवायचे जाड तुकडे) टाकून पुढे-मागे सुमारे दोन इंचांची लिफ्ट करून, म्हणजे गाडी तेवढी उंच करून, घेतली. राधानगरी आणि दाजीपूरकडच्या कच्च्या रस्त्यांवर गाडीविषयी माझी काहीही तक्रार नाही. मात्र महामार्गावर कागलच्या दिशेने जाताना वेग ऐंशीच्या पुढे गेला की स्टिअरिंग सैल वाटू लागते, गाडी सतत डावीकडे ओढते, आणि गगनबावड्याच्या घाटात वळण संपल्यावर स्टिअरिंग आपोआप सरळ होत नाही, ते हाताने परत आणावे लागते. शिवाय पुढच्या दोन्ही टायरांची बाहेरची कड झिजू लागली आहे.

अलाइनमेंट, म्हणजे चाकांचे कोन बसवण्याचे काम, करून घेतले तेव्हा टो (वरून पाहता चाकांचे आत किंवा बाहेर वळलेले असणे) ‘हिरव्यात’, म्हणजे ठरलेल्या मर्यादेत, आला आहे एवढेच सांगण्यात आले. छापील अहवालात कॅस्टर (चाक वळण्याच्या अक्षाचा झुकाव) डावीकडे १.२ अंश व उजवीकडे २.० अंश, तर कॅम्बर (चाकाचा आत किंवा बाहेर कल) दोन्हीकडे +०.६ अंश दिसतो. टो बरोबर असताना गाडी अशी का वागते, आणि आता नेमके काय करून घ्यावे, हे जाणकारांनी कृपया सांगावे.

उत्तर (उद्यमनगरातील गॅरेजचालक)

आपण अहवाल जपून ठेवला हे फार चांगले केले, कारण आपल्या प्रश्नाचे उत्तर त्याच कागदावर आहे. लिफ्ट केलेल्या गाडीत केवळ टो बसवून अलाइनमेंट पूर्ण झाले असे मानणे मला मुळीच मान्य नाही. टो सर्वांत सहज बदलता येतो म्हणून तेवढाच बदलला जातो, पण लिफ्टमुळे मुख्यतः बिघडतो तो कॅस्टर.

चाक ज्या अक्षाभोवती वळते तो अक्ष बाजूने पाहिल्यास किंचित मागे झुकलेला असतो. हा झुकाव म्हणजे कॅस्टर. वळण संपल्यावर स्टिअरिंग सरळ होणे आणि वेगात गाडी रेषेत धावणे या दोन्ही गोष्टी बऱ्याच अंशी त्याच्यावर अवलंबून असतात. नव्या थारला पुढे डबल विशबोन, म्हणजे प्रत्येक चाकाला धरणारे वर एक व खाली एक असे दोन आर्म, आहेत. गाडी उचलली की वरच्या व खालच्या आर्मचे कोन बदलतात, बॉल जॉइंट (आर्मला चाकाशी जोडणारे सांधे) आपल्या मूळ जागेवरून सरकतात आणि कॅस्टर कमी होतो. आपल्याला जाणवणारा सैलपणा त्यातूनच आला आहे. गाडी ज्या बाजूचा कॅस्टर कमी असतो त्या बाजूला ओढते. आपला डावा आकडा उजव्यापेक्षा ०.८ अंशाने कमी आहे, आणि आपले रस्ते पाणी निघून जावे म्हणून डाव्या कडेकडे उतरते केलेले असतात, त्यामुळे ही ओढ आणखी वाढते. खरे तर आपल्याकडे डावा कॅस्टर उजव्यापेक्षा किंचित जास्त ठेवणे सोयीचे. आपल्या गाडीत नेमके उलटे झाले आहे.

बाहेरची कड झिजण्याचे कारण धन (+) कॅम्बर, म्हणजे चाकाचा वरचा भाग बाहेर कललेला असणे. टो-इन (चाकांची पुढची बाजू आत वळलेली असणे) जास्त असला तरीही बाहेरचीच कड जाते. दोहोंतला फरक हाताने कळतो. टायरच्या पृष्ठावरून तळवा आडवा फिरवा. एका दिशेने गुळगुळीत आणि उलट दिशेने धारदार लागले, तर दोष टोचा आहे. धार न लागता नुसतीच कड उतरली असेल, तर कॅम्बरचा.

डाव्या-उजव्यातील फरकाचे मूळ शोधण्यासाठी आधी उंची मोजा. जमिनीपासून मोजू नका, कारण टायरची हवा आणि झीज त्यात मिसळते. चाकाच्या मध्यापासून मडगार्डच्या कडेपर्यंतचे अंतर दोन्ही बाजूंना घ्या. शॉक खालच्या आर्मच्या टोकाला नसून मध्ये कुठेतरी बसलेला असतो, त्यामुळे स्पेसरच्या जाडीत थोडा फरक असला तरी चाकापाशी तो वाढून दिसतो.

उत्तर (गारगोटीचे जिम्नीचालक)

वरील विवेचन अचूक आहे, परंतु हा धागा इतर गाड्यांचे मालकही वाचतील म्हणून एक भेद स्पष्ट करतो. जिम्नी किंवा जुनी जिप्सी यांच्या पुढे अखंड एक्सल असतो, त्यामुळे तेथे लिफ्टने कॅम्बर बदलत नाही. कॅस्टर मात्र तेथेही कमी होतो, कारण एक्सलला धरणाऱ्या आर्मचा कोन बदलून संपूर्ण एक्सलच फिरतो. जिम्नीत त्यावर उपाय म्हणून मध्यापासून बाजूला भोक असलेले बुश मिळतात, तर पाट्यांच्या (लीफ स्प्रिंगच्या) जिप्सीत पाटा व एक्सल यांच्यामध्ये पाचर बसवली जाते. जिम्नीत आणखी एक गोष्ट घडते: पॅनहार्ड रॉडची (एक्सलला बाजूला सरकू न देणाऱ्या आडव्या दांड्याची) लांबी ठरलेली असल्याने गाडी उचलताच एक्सल थोडा एका बाजूला सरकतो. तो पुन्हा मध्यावर आणण्यासाठी लांबी बदलता येणारा रॉड लागतो. स्टिअरिंग वाकडे दिसू लागले तर ड्रॅग लिंकने (स्टिअरिंगला चाकाशी जोडणाऱ्या दांड्याने) ते सरळ करावे. टाय रॉडला (दोन्ही चाके जोडणाऱ्या दांड्याला) त्यासाठी हात लावू नये, कारण त्याने टो बिघडतो.

दुसरे असे की, टायर मोठा झाल्यावर स्टिअरिंगची थरथर बऱ्याचदा अलाइनमेंटची नसून बॅलन्सिंगची असते. पन्हाळ्याकडची लाल माती पावसाळ्यात रिमच्या आतल्या बाजूस चिकटून वाळली, तरीही तशीच थरथर येते. आधी रिम आतून धुऊन पाहावी.

प्रश्नकर्ता

दोघांचेही मनापासून आभार. मोजून पाहिले असता गाडी डाव्या बाजूला अधिक उंच निघाली. तळवा फिरवल्यावर धार कोठेही जाणवली नाही. आता स्पेसर बदलून घेतल्यावर आहे त्याच आर्मवर कॅस्टर परत मिळेल, की नवे वरचे आर्म घ्यावेच लागतील?

उत्तर (उद्यमनगरातील गॅरेजचालक)

दोन्ही बाजूंची उंची समान झाली की ओढ बरीच कमी होईल, परंतु दोन्हीकडचा कॅस्टर मूळ आकड्यापेक्षा कमीच राहण्याची शक्यता आहे. म्हणून स्पेसर बदलल्यावर लगेच खर्चात पडू नका. आर्मचे बोल्ट चाके जमिनीवर असताना, गाडीचे पूर्ण वजन त्यांच्यावर आल्यावरच अंतिम घट्ट करायला सांगा. चाके लोंबकळत असताना ते आवळले, तर रबरी बुश कायमचे पिळलेल्या स्थितीत राहतात आणि लवकर फाटतात. मग काही दिवस गाडी नेहमीसारखी चालवून ती बसू द्या. नंतर बॉल जॉइंट, टाय रॉड एंड आणि व्हील बेअरिंग यांत खेळ (सैलपणा) नाही ना, हे तपासूनच मशीनवर चढवा, कारण खेळ असलेल्या जोडावर केलेले अलाइनमेंट पहिल्याच मोठ्या खड्ड्यात व्यर्थ जाते. एरवी गाडीत जे सामान असते ते त्या वेळीही असू द्या.

मशीनवर पुरेसा कॅस्टर घ्यायला गेल्यावर कॅम्बर कंपनीच्या मर्यादेबाहेर जाऊ लागला, तर हाताशी असलेली समायोजनाची सोय संपली असे समजावे. तेव्हाच लिफ्टसाठी कोन सुधारून बनवलेले वरचे आर्म घेणे योग्य ठरते. त्यांनी बॉल जॉइंटलाही त्याच्या हालचालीची मूळ मर्यादा परत मिळते, आणि घाटात खड्ड्यातून चाक पूर्ण खाली जाते तेव्हा त्याचे महत्त्व कळते. तेवढा खर्च नको असेल तर लिफ्ट थोडी कमी करणे हाही प्रामाणिक पर्याय आहे; मात्र तेव्हा पूर्ण वळवलेल्या स्थितीत टायर कोठे घासत नाही ना, हे पाहून घ्यावे.

काम संपल्यावर स्टिअरिंग अँगल सेन्सरचा शून्य स्कॅनरने पुन्हा नोंदवून घ्यायला विसरू नका, नाहीतर ईएसपीला (गाडी घसरू नये म्हणून आपोआप ब्रेक लावणाऱ्या यंत्रणेला) गाडी सरळ जात असताना वळते आहे असे वाटू शकते. आणि आपल्या नव्या टायरचा व्यास जुन्यापेक्षा सुमारे ३ सेंटीमीटरने मोठा आहे, त्यामुळे जुन्या टायरवर ज्या फेऱ्यांना ८० चा वेग होता त्याच फेऱ्यांना आता सुमारे ८३ चा वेग मिळतो. दोन्ही टायरांवर गाडीची तुलना करताना तेवढा फरक धरावा.