दारूचा वास येतो म्हणून दवाखान्यातून परत पाठवले. आता पुढे काय करावे?

कोरडवाहू (वणी तालुका, जि. यवतमाळ) यांचा प्रश्न :

नमस्कार. माझे मोठे बंधू, वय 46, गेली बारा-तेरा वर्षे रोज दारू पितात. घरची शेती कोरडवाहू आहे, कापूस आणि तूर. दादांइतके सरळ तास काढणारा माणूस आमच्या शिवारात नव्हता, हे लोक आजही सांगतात. सांगताना मात्र ते गेलेल्या माणसाबद्दल बोलावे तसे बोलतात, आणि दादा समोर बसलेले असले तरी त्यांना त्याचे काही वाटत नाही.

गेल्या पोळ्याच्या करीला बरेच काही झाले, ते येथे लिहीत नाही. त्यानंतर तीन दिवसांनी दादा स्वतःहून म्हणाले, "मले दवाखान्यात ने." इतक्या वर्षांत ते प्रथमच असे म्हणाले होते. सकाळी त्यांचे हात इतके थरथरतात की बशीतला चहा ओठापर्यंत पोहोचत नाही, म्हणून एस. टी.त बसण्याआधी त्यांनी एक पव्वा घेतला आणि मीही तो घेऊ दिला. दवाखान्यात आमचा नंबर लागला तेव्हा डॉक्टरांनी वासावरून ओळखले, तपासले नाही आणि "उतरल्यावर आणा" एवढेच सांगितले. केसपेपर लिहिणारा हसून म्हणाला की असे भरती करायचे तर अर्धे गाव करावे लागेल. परतीच्या वाटेवर दादा फाट्यावर उतरले. ते कुठे जात आहेत हे मला कळत होते, पण मी अडवले नाही.

पुढे मामांनी त्यांना देवळात नेऊन शपथ घ्यायला लावली आणि गळ्यात माळ घातली. सोमवारी शपथ झाली. बुधवारी रात्री दादा पांघरुणावरच्या नसलेल्या मुंग्या वेचू लागले, बैल सुटले म्हणून ओरडू लागले, अंगातून घामाच्या धारा लागल्या. शेजाऱ्यांनी लागीर म्हटले, एका भगताकडून लिंबू उतरवून आणले. गुरुवारी कोणीतरी त्यांना दारू पाजली आणि ते शांत झोपले. त्यावरून सगळे नाटक होते, असा निष्कर्ष गावाने काढला.

याआधी त्यांना एका खासगी केंद्रात तीन महिने ठेवले होते. केंद्राची चार माणसे घरी आली आणि त्यांना गाडीत घालून घेऊन गेली, याला आमचीच संमती होती. परतले तेव्हा घोट्यांवर वळ होते. आता दवाखाना म्हटले की त्यांना तीच जागा आठवते आणि नागपूरच्या मनोरुग्णालयाचे नाव काढले की "मी वेडा आहो काय?" असे विचारतात. वहिनींनी कोणाच्या तरी सांगण्यावरून एक पुडी आणून ठेवली आहे, ती भाजीत कालवून द्यायची आणि त्यांना कळू द्यायचे नाही, असे सांगितले आहे. शिवाय पुतणीची सोयरीक चालू आहे, म्हणून लग्न होईपर्यंत थांबा, असे वहिनींचे म्हणणे आहे. थांबावे काय? पुडी द्यावी काय? आणि पिऊन आलेल्या माणसाला दवाखाना परत पाठवत असेल, तर न पिता तो तिथपर्यंत पोहोचणार कसा?

निवृत्त परिचारिका (नागपूर) :

आपला शेवटचा प्रश्न मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो, पण आधी त्या बुधवारच्या रात्रीबद्दल लिहिते, कारण त्या रात्री आपल्या भावाचा जीव जाऊ शकला असता.

अनेक वर्षे रोज दारू पिणाऱ्या माणसाचा मेंदू दारूच्या गुंगीला पुरून उरण्यासाठी स्वतःला सतत ताणलेला ठेवायला शिकतो. दारू एकाएकी थांबली की गुंगी जाते आणि तो ताण तसाच उरतो. सहा ते चोवीस तासांत थरथर, घाम, मळमळ, झोप उडणे सुरू होते. पहिल्या दोन दिवसांत झटके येऊ शकतात. आणि काही जणांना साधारण 48 ते 96 तासांच्या दरम्यान भ्रम होतो, नसलेले किडे दिसतात, माणसे ओळखू येत नाहीत, ताप चढतो, नाडी धावू लागते. सोमवार ते बुधवार रात्र, हिशेब करून पाहा. याला लागीर म्हणणे चूक आहे आणि नाटक म्हणणे त्याहून मोठी चूक आहे. दारू पाजल्यावर ते शांत झाले, हा आजाराचाच पुरावा होता. गावाने तो उलटा वाचला. म्हणून शपथ घालून घरात एकदम दारू तोडण्याचा प्रयोग पुन्हा करू नका.

दवाखान्यात हे काही दिवस क्लोरडायझेपॉक्साइड, डायझेपाम किंवा लोराझेपाम या गटातील औषधे देऊन, ती हळूहळू कमी करत सांभाळून नेतात. त्यासोबत थायमिन म्हणजे ब 1 जीवनसत्त्वाची इंजेक्शने देतात, कारण पिणाऱ्यांच्या शरीरात त्याची कमतरता असते आणि ते न देता नुसते ग्लुकोजचे सलाइन लावले तर मेंदूला इजा होण्याचा धोका असतो. आपल्याकडे पिणाऱ्याला आधी 'बाटली लावा' म्हणून गळ घालण्याची पद्धत आहे, म्हणून हे मुद्दाम लिहिले.

पिऊन आलेल्या रुग्णाला न तपासता परत पाठवणे चूकच होते. त्याला त्याच क्षणी औषध देता येईल असे नाही, दीर्घ समुपदेशनही त्या अवस्थेत होत नाही. पण नाडी, रक्तदाब, साखर पाहून निरीक्षणाखाली ठेवता येते. एक कबुली देते. माझ्या वॉर्डातही ड्यूटी बदलताना आम्ही 'खाट क्रमांक चार, बेवडा' असेच सांगत असू, आणि ज्याचे नाव बेवडा पडले त्याच्या पोटदुखीकडे कोणी नीट पाहत नसे. एकदा अशाच एका खाटेवरची पोटदुखी स्वादुपिंडाच्या सुजेची निघाली, आणि आम्हाला ती उशिरा कळली. तो शब्द मी त्यानंतर सोडला. सगळ्यांनी सोडला असे म्हणवत नाही.

पुडीबद्दल स्पष्ट सांगते, ती देऊ नका. अशा पुड्यांत काय असते हे देणाऱ्यालाही ठाऊक नसते. पुष्कळदा लोकांच्या मनात डायसल्फिराम असते. ते खरे औषध आहे, पण ते घेऊन दारू प्यायली की चेहरा लाल होतो, छाती धडधडते, उलट्या होतात, रक्तदाब कोसळतो आणि माणूस दगावूही शकतो. शेवटच्या गोळीनंतर दोन आठवड्यांपर्यंत हा धोका राहतो. म्हणून ते रुग्णाला पूर्ण समजावून, त्याच्या संमतीने, यकृत आणि हृदय तपासूनच देतात. भाजीत कालवणाऱ्या वहिनींचा हेतू कितीही चांगला असला तरी, उद्या काही झाले तर तो भार त्यांनाच वाहावा लागेल. आणि दादांना कळले, तर घरातल्या अन्नावरचाही त्यांचा विश्वास उडेल.

आर्वीकर (जि. वर्धा) :

मी नऊ वर्षांपासून प्यायलो नाही. त्याआधी पाच वेळा सोडली होती.

ताईंनी औषधांबद्दल लिहिले ते योग्यच आहे, परंतु रुग्ण दवाखान्याच्या पायरीपर्यंत का पोहोचत नाही, याचे एक कारण आमच्या जिल्ह्यात वेगळे आहे. वर्ध्यात दारूबंदी आहे. त्यामुळे दारू मिळत नाही असे अजिबात नाही, मात्र 'मी पितो' हे डॉक्टरसमोर म्हणणे म्हणजे गुन्हा कबूल करणे, असे मला वर्षानुवर्षे वाटत होते. कावीळ झाली तेव्हासुद्धा मी पाणी खराब असल्याचे सांगितले होते. मानसिक आरोग्य सेवा कायदा 2017 मध्ये दारू आणि अमली पदार्थांच्या गैरवापराशी निगडित मानसिक अवस्थांचा समावेश मानसिक आजाराच्या व्याख्येत केलेला आहे आणि रुग्णाची माहिती गुप्त ठेवण्याचा हक्कही त्यात आहे, हे मला फार उशिरा एका समुपदेशकाने सांगितले. ते आधी कळले असते तर कदाचित दोन वर्षे वाचली असती, कदाचित नसतीही.

त्याच कायद्याने रुग्णाला साखळीने बांधण्यास पूर्ण मनाई केली आहे. रुग्णाच्या इच्छेविरुद्ध भरती करायची तर नामनिर्देशित प्रतिनिधीचा, म्हणजे रुग्णाच्या वतीने बोलण्यासाठी ठरलेल्या व्यक्तीचा, अर्ज लागतो, एक मनोविकारतज्ज्ञ आणि दुसरा मानसिक आरोग्य व्यावसायिक किंवा डॉक्टर अशा दोघांनी स्वतंत्रपणे तपासावे लागते, आणि अशी भरती सुरुवातीला 30 दिवसांपर्यंतच असते. चार माणसे गाडी घेऊन आली आणि उचलून घेऊन गेली, याला भरती म्हणत नाहीत. तुमच्या भावाला त्या केंद्रात नेऊन तुम्ही चूक केली, असे मी म्हणणार नाही; माझ्या बायकोनेही कंटाळून एकदा तीच चौकशी केली होती. पण तुम्ही त्यांच्यासमोर बसून एकदा म्हणा, की ते आमचे चुकले. मला वाटते, नागपूरच्या नावाची भीती त्याशिवाय जाणार नाही.

माळेबद्दल मात्र मी ताईंइतका कठोर नाही. आमच्याकडे 'परमात्मा एक' या पंथाच्या सेवकांच्या मार्गात जाऊन दारू कायमची सोडलेली घरेच्या घरे मी पाहिली आहेत. तिथे माणसाला शपथेसोबत नवी सोबत मिळते, संध्याकाळी बसायला दुसरी जागा मिळते. मला ती जागा अल्कोहोलिक्स अ‍ॅनॉनिमस या दारू सोडू पाहणाऱ्यांच्या गटाच्या बैठकीत मिळाली, जिथे पहिल्या दिवशी मला कोणी काहीच विचारले नाही, फक्त चहा दिला आणि कप अर्धाच भरला, कारण माझे हात थरथरत होते आणि ते त्यांना न सांगता कळले होते. अंगातली दारू आधी दवाखान्यात उतरवावी आणि माळ त्यानंतर घालावी, एवढाच क्रम पाळला तर माझ्या मते दोघांत भांडण नाही.

सोडल्यानंतरचे कोणी सांगत नाही, म्हणून सांगतो. पहिली दोन वर्षे मी घरात शिरलो की धाकटा मुलगा गळ्यात पडायचा. तो वास घेत असे. मला ते कळत होते आणि त्या रागाने एकदा मी पुन्हा प्यायलो. वहिनींना आणि पुतणीला हे आधीच सांगून ठेवा.

आशा कार्यकर्ती (चिमूर तालुका, जि. चंद्रपूर) :

वरच्या दोन्ही उत्तरांनंतर फार लिहीत नाही. आमच्या जिल्ह्यात 2015 मध्ये दारूबंदी झाली आणि 2021 मध्ये उठली. या दोन्ही वेळी मी याच गावात काम करत होते. बंदी असताना आणि उठल्यावरही, पिणाऱ्याला उपचाराला कुठे न्यायचे, हा प्रश्न ग्रामसभेत कोणी विचारल्याचे मला आठवत नाही. दुकान असावे की नसावे यावरच सगळी सभा संपत असे. शेजारच्या गडचिरोलीत 1993 पासून बंदी आहे, तिथे मुक्तिपथ या व्यसनविरोधी उपक्रमाने तालुक्याच्या ठिकाणी उपचाराचे क्लिनिक आणि गावांत शिबिरे सुरू केली, म्हणजे दोन्ही गोष्टी एकत्र करता येतात.

मला सारखी क्षयरोगाची आठवण येते. क्षयाच्या रुग्णाने गोळ्या घेणे थांबवले की मला वरून फोन येतो, मी त्याच्या घरी जाते, तो वावरात असेल तर वावरात जाते. दारूच्या उपचाराची तारीख चुकवणाऱ्याच्या घरी कोणी जात नाही. उलट 'पाहा, पुन्हा लागला' म्हणून सगळ्यांना बरे वाटते. दिल्लीच्या एम्सने केलेल्या आणि 2019 मध्ये प्रसिद्ध झालेल्या राष्ट्रीय सर्वेक्षणात दारूवर अवलंबून असलेल्या साधारण 38 जणांपैकी एकालाच कोणत्याही प्रकारचा उपचार मिळाल्याचे नोंदवले आहे, आणि भरती होऊन उपचार 180 मध्ये एकाला. माझ्या गावात मी मनाशी घरे मोजली, तर त्या एकाचेही घर सापडत नाही.

आणि बायांचे काय? आमच्याकडे मोहाची दारू पिणाऱ्या बाया आहेत, दिवसाला तंबाखू-सुपारीचे चार-पाच खर्रे खाणाऱ्या तर घरोघरी आहेत. दादांना दवाखान्यात न्यायला निदान धाकटा भाऊ निघाला. माझ्या वस्तीतल्या एका बाईला नेण्याचा विषय मी काढला, तेव्हा तिच्या सासूने मलाच दारातून परत पाठवले.

सोयरिकीसाठी थांबू नका. मुलाकडच्यांनी चौकशी केलेलीच असते, गावात ही गोष्ट लपत नाही. मांडवात वडील थरथरत बसण्यापेक्षा उपचार चालू असलेले वडील मुलीला कधीही बरे. ओळख न सांगता आधी बोलायचे असेल तर नशामुक्तीसाठी 14446 आणि मानसिक आरोग्यासाठीच्या टेलिमानस या शासकीय सेवेचा 14416 हे दोन्ही क्रमांक विनाशुल्क आहेत, दादा स्वतः बोलले तर अधिक चांगले. आणि वणीवाल्यांना यवतमाळपेक्षा चंद्रपूर जवळ आहे. तिथल्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात जा, वेड्यांचा दवाखाना हे नावच निघणार नाही.

निवृत्त परिचारिका (नागपूर) :

एक भर घालते. बाह्यरुग्ण विभागात गेल्यावर 'दारू सोडवायची आहे' एवढेच सांगू नका. 'रोज इतकी पितात, शेवटची इतक्या वाजता घेतली, मागच्या वेळी बंद केल्यावर तिसऱ्या दिवशी भ्रम झाला होता, झटका आला होता किंवा नव्हता' हे कागदावर लिहून न्या. भ्रमाचा इतिहास ऐकल्यावर जबाबदार डॉक्टर रुग्णाला घरी पाठवत नाही. सकाळी थरथर होत असेल आणि थोडी घेऊनच निघावे लागले, तर तेही लपवू नका, वेळ आणि प्रमाण सांगा. मात्र वाटेत झटका आला किंवा भ्रम सुरू झाला, तर ओपीडीची वाट पाहू नका, 108 ला फोन करा.

कोरडवाहू :

सर्वांचे आभार. काल रात्री दादांजवळ बसून त्या केंद्राबद्दल बोललो. ते काही बोलले नाहीत, पँटचा पाय वर करून घोटा खाजवत राहिले, आणि बऱ्याच वेळाने चंद्रपूरची पहिली गाडी किती वाजता आहे, असे त्यांनी विचारले. वहिनींना पुडीचे सांगितले. त्या म्हणाल्या की दोन वेळा देऊन झाली आहे. ताई, हे ओपीडीच्या कागदावर लिहावे ना? पुडी सोबत नेतो. सोमवारी जात आहोत, वेचणीच्या बाया त्या दिवसापुरत्या मोठ्या मुलावर सोपवल्या आहेत.

निवृत्त परिचारिका (नागपूर) :

अवश्य लिहा, अगदी वरच्या ओळीत, आणि दिल्याच्या तारखा आठवून लिहा. पुडी नक्की न्या. आणि सोमवारपर्यंत थांबू नका, पुडी पोटात गेलेली असताना ते पीत आहेत. उद्याच निघा.