मदत हवी आहे: आई-बाबांना घेऊन बास्क डोंगरातल्या खेड्यात, सेराइन की आश्पे?

नमस्कार मंडळी,

आम्ही नेदरलँड्सला असतो. आई-बाबा पुण्याहून एप्रिलअखेर येतायत आणि मेमध्ये त्यांना घेऊन उत्तर स्पेनच्या बास्क भागात जायचं चाललंय. बिल्बाओ आणि सान सेबास्तियानची माहिती नेटवर ढिगाने आहे, ती नकोय. बाबा सातारा जिल्ह्यात पशुवैद्यकीय अधिकारी होते, रिटायर होऊन बरीच वर्षं झाली पण अजूनही रस्त्यात गाय दिसली की आधी तिचे खूर बघणार मगच पुढे सरकणार, त्यांना कॅथेड्रल-म्युझियममध्ये शून्य इंटरेस्ट. "लोक तिथे दिवसभर करतात काय ते दाखव" एवढीच त्यांची फर्माईश आहे. म्हणून एखादं डोंगरातलं शेतीवाडीचं शांत गाव शोधतेय जिथे तीन-चार रात्री नुसतं राहता येईल.

दोन नावं काढलीत. एक बिस्काया प्रांतातलं आश्पे, आन्बोतो डोंगराच्या अगदी पायथ्याशी, फोटो बघून मी वेडी झाले. दुसरं गिपुस्कोआमधलं सेराइन, ते गोयेरी भागात येतं. दोन्हीपैकी कुठे जावं? की तिसरंच काही?

अडचणी सांगते. आईचे गुडघे दुखतात, सपाटीला ती तासभर चालते पण उतार आला की संपलं. शिवाय आई कट्टर शाकाहारी, अंडंसुद्धा नाही, आणि त्या भागात म्हणे पाण्यातही मासा घालतात. बाबांना मेंढ्यांचं दूध काढताना बघायचंय, शक्य असेल तर चीज करतात तेही. पण असं कुणाच्या गोठ्यात जाऊन उभं राहिलेलं चालतं का? उगाच प्राणिसंग्रहालय बघायला आल्यासारखं नको. गाडी भाड्याने घ्यावीच लागेल का ट्रेन-बसवर भागेल? आणि मेमध्ये पाऊस किती असतो?

कुणी राहून आलं असेल तर प्लीज सविस्तर लिहा.

सुपारी_चिकणी:

सान सेबास्तियानला नोकरीनिमित्त राहिलेय, गोयेरीत बऱ्याचदा जाणं व्हायचं, त्यामुळे माझं मत सरळ सेराइनच्या बाजूने.

आश्पे सुंदर आहे यात वाद नाही. चौकात उभं राहिलं की समोर आन्बोतोचा करडा कडा असा काही येतो अंगावर की बोलणं थांबतं. पण त्याच चौकात एचेबारी आहे, निखाऱ्यावरच्या स्वयंपाकासाठी जगभर नावाजलेलं रेस्टॉरंट, लोक विमानाने तिथे फक्त जेवायला येतात. टेबल कित्येक महिने आधी धरावं लागतं, आईंना तिथे खायला फारसं काही मिळणार नाही, आणि दुपारी त्या चिमुकल्या गावात भारी भारी गाड्या लागतात. तुमच्या बाबांना जे बघायचंय ते हे नव्हे.

सेराइनची वस्ती अडीचशेच्या आसपास असेल. एक चर्च, एक चौक, एक ओस्तातू म्हणजे खानावळ-कम-गावचा कट्टा (बास्क खेड्यांत बऱ्याच ठिकाणी ही जागा ग्रामपंचायतीच्याच मालकीची असते आणि चालवायला देतात), एक छोटंसं म्युझियम, जुना तुरुंग. बाकी सगळी बासेरी, म्हणजे उतारावर लांब लांब विखुरलेली शेतघरं. दगडी भिंती, रुंद उतरतं कौलारू छप्पर, आणि पूर्वी त्याच एका छपराखाली खाली गुरं, वर वाळलेला चारा, बाजूला माणसं. काही घरांत अजूनही स्वयंपाकघर आणि गोठा यांच्यात एकच दार आहे. पूर्वी तिथे लोखंडाच्या खाणी होत्या, आयस्पेआला त्यांचे अवशेष आणि धातुक भाजायच्या भट्ट्या आहेत, बाबांना आवडलं तर आवडलं, नाहीतर सोडून द्या.

आता मुद्द्याचं. त्या भागात फिरायचं तर शेतीचं कॅलेंडर धरून फिरा. लाचा जातीच्या मेंढ्या हिवाळ्यात वितात आणि साधारण जून-जुलैपर्यंत दुधात असतात, म्हणजे मे हा नेमका चांगला काळ. मात्र मेपासूनच कळप वर अरालार डोंगरावरच्या सामाईक कुरणांवर जायला लागतात, सगळे एकदम नाही, त्यामुळे ज्या घरी जायचं त्यांना आधी विचारा की मेंढ्या खाली आहेत का वर. आपल्याकडे धनगर पावसाच्या हिशोबाने फिरतात तसं इथे गवताच्या हिशोबाने चालतं, हिवाळ्याआधी परत खाली.

गोठ्यात जाण्याबद्दल: न सांगता कुणाच्या वाडीत शिरू नका, पण आग्रोतुरिस्मोत, म्हणजे शेतघरातल्या खोल्यांत राहिलात तर तो प्रश्नच उरत नाही. नेकातुर नावाची त्यांची संघटना आहे, तिच्या यादीत घराघरासमोर लिहिलेलं असतं जनावरं आहेत का, किचन वापरता येतं का. मेंढ्या असलेलंच घर निवडा आणि बुकिंगच्या मेसेजमध्येच लिहा की वडील जनावरांचे डॉक्टर होते. मग बघा. मी गेले होते त्या घरी मेंढपाळाने एक मेंढी ढुंगणावर बसवली, चारी पाय वर, आणि छोट्या वाकड्या सुरीने खूर साफ करून दाखवला कारण ओल्या गवतात खूर कुजतात, त्यावर त्याने मला जवळपास लेक्चरच दिलं आणि मला त्यातलं ओ की ठो कळलं नाही. तुमच्या बाबांना सगळं कळेल, भाषा न येता.

उंडारटप्पू:

+१ सेराइन. फक्त तारखा बघून घ्या. मेच्या उत्तरार्धात एका रविवारी शेजारच्या सेगामाला डोंगरातली मॅरेथॉन असते, सेगामा-आयस्कोरी, २००२ पासून चालूय, आता जगप्रसिद्ध झालीय आणि तेव्हा अख्ख्या गोयेरीत एक खोली मिळत नाही. बाबांना शांतता हवी असेल तर तो वीकेंड टाळा, नाहीतर धुक्यात घंटा वाजवत ओरडणारी हजारो माणसं बघायची तयारी ठेवा (तेही भारी असतं म्हणा).

गाडी घ्याच. सान सेबास्तियानहून लोकल ट्रेन ओर्दिसिया, बेआसाइनपर्यंत व्यवस्थित येते, पण तिथून पुढे वर चढायला आईंचे गुडघे आणि तुरळक बस यांचं जमायचं नाही. नाहीतर स्टेशनवरून टॅक्सी करा, पंधरा-वीस मिनिटांचा रस्ता. शेतातल्या रस्त्यांवर एकच गाडी मावते, ट्रॅक्टर आला तर तुम्हीच मागे घ्यायची. फाटक जसं होतं तसं परत लावा, उघडं तर उघडं, बंद तर बंद.

पाऊस: असणारच. सिरीमिरी म्हणतात तो बारीक रिपरिप पाऊस छत्रीला जुमानत नाही. आईंना चांगल्या पकडीचे बूट घ्या, ओलं गवत आणि उतार हे गुडघ्यांसाठी वाईट कॉम्बिनेशन आहे.

रानवारा:

शाकाहाराबद्दल कुणीच लिहिलं नाही म्हणून लिहितो, कारण आमच्या आईने तिथे पहिले दोन दिवस ब्रेड आणि द्राक्षांवर काढले.

मुख्य म्हणजे किचन मिळणारी खोली घ्या, तांदूळ-डाळ आणि छोटा कुकर सोबत ठेवा. रात्रीचं जेवण तिथे नऊच्या आसपास आणि आठवड्याच्या मधल्या दिवशी गावात ते मिळेलच असं नाही. रविवारी दुकानं बंद, म्हणून सामान आधीच बेआसाइनला भरून घ्या. "भाजी" म्हणून जे येतं त्यात हॅमचे तुकडे असू शकतात, कुणी फसवत नसतं, त्यांच्या लेखी हॅम म्हणजे मांस नव्हेच. तोलोसाचे काळे राजमे ऐकून जीभ चाळवेल पण बऱ्याचदा ते डुकराच्या मांसासोबतच शिजवतात, विचारल्याशिवाय घेऊ नका. बिनधास्त चालतील अशा गोष्टी: इबार्राच्या लोणच्यातल्या हिरव्या मिरच्या, अक्रोड, क्विन्स या फळाची वडी, वसंतात निघणारी पांढरी ॲस्परॅगस. आणि तालो! मक्याचं पीठ, पाणी, मीठ, हातावर थापून तव्यावर, मक्याची भाकरीच ती. जत्रेत त्यात सॉसेज गुंडाळून देतात, कोरी मागा.

आता वाईट बातमी. इदियासाबाल चीज हे तिथलं मुख्य आकर्षण, १९८७ पासून त्याला अधिकृत संरक्षित नाव आहे, लाचा आणि कारांसा मेंढ्यांच्या कच्च्या दुधाचं, निदान दोन महिने मुरवलेलं. पण पारंपरिक पद्धतीत दूध फाडायला कोकराच्या जठरातलं रेनेट वापरतात. मामिया म्हणून मेंढीच्या दुधाचं दह्यासारखं गोड मिळतं, त्यातही तेच. आईंना आधी सांगा, नंतर कळलं तर तुमचीच पंचाईत.

धागाकर्ती:

रानवारा, बापरे, हे रेनेटचं बरं झालं सांगितलंत! आईला सांगितलं, ती शांतपणे म्हणाली "मी नाही खाणार, तुम्ही खा", आणि बाबा लगेच रेनेटमधल्या एन्झाइमबद्दल सुरू झाले. उंडारटप्पू, मॅरेथॉनच्या आधीचा आठवडा धरलाय. सुपारीताई, मेंढ्यावालं आणि किचनवालं एक घर मिळालंय सेराइनजवळच, त्यांचं उत्तर आलं की मेंढ्या तोवर खालीच असतील, दूध मशीनने काढतात, संध्याकाळी या. बाबांना मशीनने काढतात हे कळल्यावर जरा हिरमोड झाला मग म्हणाले की सडांना सूज येते का ते विचारतो.

अजून एक, मधे एक दिवस आईसाठी सपाटीवरचं काही हवंय.

सुपारी_चिकणी:

बुधवारी ओर्दिसिया. तिथला आठवडी बाजार १५१२ पासूनचा, आग लागून गाव जळलं तेव्हा राणी हुआनाने परवानगी दिली. चौकावर मोठं छप्पर आहे म्हणजे पावसाची काळजी नाही, सगळं सपाट, बसायला जागा. आजूबाजूच्या बासेरीतल्या बायका आपापला माल घेऊन बसतात, कुणाकडे चार जुड्या पालेभाजी आणि डझनभर अंडी एवढंच. इथे ठरलेले भाव बाकी बाजारांत प्रमाण धरतात. सकाळी दहापर्यंत पोचा, दुपारी गुंडाळतात. आईंना मक्याचं पीठही तिथेच मिळेल, किचन आहेच तर तालो घरी थापू दे.

गाडी असेलच तर एस्किओला इगार्तुबेइती बघा. सोळाव्या शतकातलं शेतघर आहे, आणि सफरचंदाची सायडर गाळायचा प्रचंड लाकडी दाबयंत्राचा सांगाडा घराच्या सांगाड्यातच बसवलाय, घर कुठे संपतं आणि यंत्र कुठे सुरू होतं कळत नाही. बाबा म्युझियमला नाही म्हणतील, तुम्ही शेतघर म्हणूनच सांगा. वेळा आधी बघून घ्या.

धागाकर्ती:

मस्त, बुधवार पक्का. बाजारात चीज घेताना रेनेटचं स्पॅनिशमध्ये कसं विचारू? माझं स्पॅनिश बिल मागण्यापुरतंच आहे.

रानवारा:

चीजकडे बोट दाखवून "क्वाखो आनिमाल?" (प्राण्याचं रेनेट का?) एवढं म्हणा. सी, म्हणजे हो म्हणाले तर आईंना नाही, तुम्हाला आणि बाबांना अर्धा किलो, धुरी दिलेलं आणि न दिलेलं दोन्ही चाखून मगच घ्या, सुरीच्या टोकावर तुकडा देतात. आणि सुरुवातीला "काइशो", म्हणजे बास्कमध्ये नमस्कार, म्हणायला विसरू नका.