ऑपरेशन मोफत, येणं मोफत नाही

मोतीबिंदूचं ऑपरेशन फुकट असूनही खेड्यातली माणसं येत नाहीत ती अज्ञानामुळे, असं कुणीतरी म्हटलंय. मला हे अजिबात पटत नाही. मी चार वर्षं एका ग्रामीण नेत्र रुग्णालयात नोंदणीच्या टेबलावर बसले आहे. म्हाताऱ्या आईला आणायचं तर मुलाचा नाहीतर सुनेचा दोन दिवसांचा रोज बुडतो, वर गाडीभाडं. सोयाबीन काढणीला आलं की आमची बाकं ओस पडायची. मदुराईचं अरविंद नेत्र रुग्णालय १९७६ साली अवघ्या ११ खाटांवर सुरू झालं. त्यांनी ही अडचण ओळखून शिबिरातल्या रुग्णांना बसने न्यायची-आणायची आणि जेवणाची सोय केली. आपल्याकडे भर द्यायचा तर इथे द्यायला हवा.

अज्ञान म्हणाल तर एकच खरं नडतं: ‘मोतीबिंदू पिकू दे, मग बघू.’ पूर्वी डॉक्टरच तसं सांगायचे. आता थांबायची गरज नाही, उलट फार पिकला तर ऑपरेशन अवघड होतं.

एक आजी अशाच थांबून थांबून आल्या होत्या, दोन्ही डोळ्यांनी जेमतेम उजेड कळायचा. ऑपरेशनच्या दुसऱ्या दिवशी सकाळी सिस्टरने पट्टी सोडली. आजींनी आधी स्वतःच्या हातातल्या बांगड्या निरखल्या, मग शेजारी उभ्या सुनेचा चेहरा दोन्ही हातांत धरला आणि म्हणाल्या, “किती वाळलीस गं!”