गृहीतक: धरायचं की तपासायचं?

प्रबंधपीडित: माझ्या प्रबंधाच्या पहिल्या प्रकरणात दोन उपशीर्षकं होती, 'संशोधनाची गृहीतके' आणि 'संशोधनाच्या परिकल्पना'. पहिल्याखाली मी धरून चाललेल्या गोष्टी, उदाहरणार्थ विद्यार्थ्यांनी प्रश्नावली प्रामाणिकपणे भरली आहे. दुसऱ्याखाली तपासायच्या गोष्टी (इंग्रजीत 'हायपॉथिसिस'), म्हणजे अध्यापनाच्या दोन पद्धतींमुळे गुणांत फरक पडतो का. मार्गदर्शकांनी 'परिकल्पना'वर फुली मारली. शेरा असा: 'हिंदी शब्द. मराठीत गृहीतक.' आता वरही गृहीतके, खालीही गृहीतके. पाचव्या प्रकरणात 'गृहीतक नाकारले' असं लिहिलं, तर वाचणाऱ्याला वाटेल पोरांनी प्रश्नावलीत थापा मारल्या. कोणता शब्द वापरू?

टाकबोरू: वरच्यांना नुसतं 'गृहीते' म्हणा, खालच्यांना 'गृहीतके'. एका 'क'वर सगळा डोलारा उभा राहतो हे खरं, पण निभावतं.

न्यायाधीन: निभावत नाही. युक्लिडची गृहीतकं शाळेत शिकलो ना आपण? ती कुणी तपासत नाही, मान्य करून पुढे जातो. म्हणजे 'क' लावलेला शब्दसुद्धा धरून चालण्याच्या कामाला आधीच जुंपलेला आहे. तपासायच्या विधानाला कोशात 'अभ्युपगम' आहे. न्यायदर्शनाच्या मूळ ग्रंथात, न्यायसूत्रांत, सिद्धान्ताचे चार प्रकार येतात: सर्वतंत्र, प्रतितंत्र, अधिकरण आणि अभ्युपगम. एखादी गोष्ट न तपासता तात्पुरती मान्य करायची आणि मग तिच्या विशेषांची परीक्षा करायची, तो अभ्युपगमसिद्धान्त. इतका तयार शब्द घरात असताना उसनवारी कशाला?

शेवटचा बाक: 'न तपासता मान्य करायची' म्हणजे गृहीतच धरलं की हो! तुमच्याच व्याख्येने अभ्युपगम वरच्या यादीत जातो. शिवाय मौखिक परीक्षेत बाहेरच्या परीक्षकांसमोर तो शब्द न अडखळता म्हणून दाखवायचा, हे वेगळंच.

न्यायाधीन: उच्चार जड म्हणून शब्द टाकायचा, तर 'संख्याशास्त्र'ही टाका.

वाटसरू: संस्कृतची ही ओढाताण कशासाठी? आडाखा आहे, अटकळ आहे. अटकळ बांधतात आणि ती खरी ठरते किंवा चुकते. तपासण्याचा अर्थ त्या शब्दाच्या वापरातच आहे. गणितातल्या अजून सिद्ध न झालेल्या एका विधानाला आमचे एक सर 'गोल्डबाखची अटकळ' असंच म्हणायचे, वर्गात कुणालाही अडायचं नाही.

टाकबोरू: मग संख्याशास्त्रज्ञ फिशरने १९३५ मध्ये 'फरक नाही' असं म्हणणाऱ्या ज्या विधानाला 'शून्य' हे विशेषण लावलं, त्याला काय म्हणणार? शून्य आडाखा? शून्य अटकळ? 'हिला काडीची अटकळ नाही' असा अर्थ होईल. 'शून्य परिकल्पना' निदान ऐकल्याबरोबर कळते. आणि 'परि' नि 'कल्पना' हे दोन्ही मराठीत रोज वापरतो. हिंदीने जोडले म्हणून ते परके कसे झाले?

न्यायाधीन: कल्पना म्हटली की काल्पनिक आलं. 'हायपॉथिसिस' या मूळ ग्रीक शब्दाचा अर्थ 'खाली ठेवलेलं' असा आहे, म्हणजे आधार, पाया. त्यात कल्पनेचा मागमूस नाही.

मध्यक: नाव काहीही द्या, क्रियापद सांभाळा. मराठी प्रबंधांत सर्रास 'शून्य परिकल्पनेचा स्वीकार केला' असं असतं. ०.०५ सार्थकता स्तरावर (म्हणजे खरोखर फरक नसताना तो आहे असं चुकून ठरण्याची शक्यता पाच टक्के धरून) फरक दिसला नाही, तर शून्य परिकल्पना 'नाकारता आली नाही', एवढंच म्हणता येतं. फरक नाहीच, असं त्यातून सिद्ध होत नाही. नमुना लहान असेल तर असलेला फरकही निसटतो. संज्ञेवर इतका काथ्याकूट करणारे लोक पुढे बिनदिक्कत 'सिद्ध झाले' लिहून मोकळे होतात, याची मला जास्त चीड येते.

प्रबंधपीडित: हे टिपून ठेवलं, आभार. पण शीर्षकाचं काय? सोमवारी प्रकरण द्यायचं आहे.

शेवटचा बाक: माझ्या मित्राच्या छापील प्रबंधात सगळीकडे 'गृहितक' आहे, ऱ्हस्व. पदवी मिळाली.

न्यायाधीन: पदवी मिळाली म्हणून 'हि' शुद्ध होत नाही. संस्कृतात 'गृहीत' दीर्घ, तत्सम म्हणून मराठीतही दीर्घ. बरं, तत्सम न मानता मराठी शब्द मानला, तरी १९६२च्या नियमांप्रमाणे अकारान्ताआधीचा इकार दीर्घच. पळायला वाट नाही.

शेवटचा बाक: आहे की! मराठी मानला तर 'वीट'चं 'विटेला' होतं, तसं 'गृहीत'चं 'गृहिताला' व्हायला हवं. आणि 'गृहीतक'मध्ये तुमचा 'ही' अकारान्ताच्या लगेच आधी येतोच कुठे? मध्ये 'त' आहे.

न्यायाधीन: म्हणूनच तो तत्सम मानायचा!

मध्यक: तपासनिसाने एकरूपता पाहावी. चाळीस पानं दीर्घ आणि पुढची चाळीस ऱ्हस्व, हे खरं दुखणं. संगणकावर 'शोधा आणि बदला' केलं तर दोन मिनिटांचं काम.

वाटसरू: मला तर 'गृहीत धरणे'च खटकतं. आकडे, विधानं गृहीत धरावीत. हल्ली माणसंही धरतात: 'मला गृहीत धरू नका.' हे सरळ इंग्रजीवरून उचललेलं आहे. आमची आजी 'मला जमेत धरू नका' म्हणायची.

टाकबोरू: अहो, ते उलटं झालं. जमेत धरणं म्हणजे हिशेबात घेणं. 'मी येणार नाही, मला मोजू नका' असं आजी सांगत असणार. 'गृहीत धरू नका'मध्ये तक्रार आहे, न विचारता मोजल्याची.

वाटसरू: आजीला तुम्ही ओळखत नाही. ती तक्रारच असायची.

न्यायाधीन: 'जमेस धरणे'. 'जमेत' नव्हे.