डिसेंबरात केरळ: रत्नागिरीकर बाबांना काय सांगू?

प्रेषक: नवी सभासद, प्लेनो

नमस्कार मंडळी,

डॅलसच्या आपल्या मंडळाच्या दिवाळी फराळाच्या धाग्यात हा विषय घुसवतेय, माफ करा.

आम्ही चौघं (मुलं अकरा आणि सात) डिसेंबरात केरळला जायचं म्हणतोय. आईबाबा रत्नागिरीहून येणार. बाबा चौऱ्याहत्तर, निवृत्त शिक्षक; आईचे गुडघे वयाच्या पुढे. नवऱ्याने एक्सेल काढलंय: कोची, मुन्नार, थेक्कडी, आलेप्पी, कोवळम, कन्याकुमारी. नऊ रात्री, सहा हॉटेलं. ते बघूनच मला थकायला झालं.

पण खरी अडचण वेगळीच आहे. बाबांना फोन केला तर म्हणाले, "माड, लाल माती, मासे, कौलारू घरं. अगो, ह्यासाठी पैसे घालून कुठे जायला हवं? मी खिडकी उघडतो की." यावर मला उत्तर सुचलं नाही.

तर दोन प्रश्न. यादीतून काय कापू? आणि बाबांना काय सांगू?

----

प्रेषक: बाळकाका, फ्रिस्को

कन्याकुमारी कापा. कोवळमही कापा. थेक्कडीही. हे झालं पहिल्या प्रश्नाचं उत्तर.

केरळात अंतर किलोमीटरमध्ये मोजायचं नाही, तासांत मोजायचं. कोची ते मुन्नार एकशे तीस किलोमीटर दिसतात. आपण इथे डॅलसहून वेको गाठतो त्याहून कमी. पण घाट, वळणं, एका गावाला लागून दुसरं गाव, आणि वर नाताळची गर्दी. साडेचार-पाच तास धरा, त्यात सात वर्षांच्या मुलाची उलटी धरलेली नाही. मुन्नारला नीलगिरी ताहर (डोंगरी बकरा) दिसतो, चहाचे मळे सुंदरच आहेत, मी नाही म्हणत नाही. मात्र नीलकुरिंजी फुललेली दाखवू असं कोणी म्हणालं तर हसून फोन ठेवा. ती बारा वर्षांनी फुलते. 2018 ला फुलली, आता 2030.

दुसरं, नोव्हेंबरच्या मध्यापासून जानेवारीच्या मध्यापर्यंत शबरीमलाचा हंगाम असतो. काळे कपडे घातलेले अय्यप्पा भक्त प्रत्येक गाडीत. बाबांना आगगाडीने यायचं असेल तर हे आत्ताच लक्षात घ्या.

----

प्रेषक: मंडळ सचिव

कृपया फराळाच्या धाग्यात केरळ नको. विषय बदललाय. चकलीचं भाजणीचं पीठ कोण देणार ते अजून कळलेलं नाही.

----

प्रेषक: अण्णा, रिचर्डसन

चि. सौ. नवी सभासद यांस अनेक आशीर्वाद. (नाव लिहीत जा हो मेलखाली.)

तुझ्या बाबांचा प्रश्न मला फार आवडला, कारण तो माझाही होता. मी मालवणचा. पहिल्यांदा गेलो तेव्हा दोन दिवस माझं तोंड वाकडंच होतं. मासे आमचे बरे, नारळ आमचे बरे. तिसऱ्या दिवशी कोचीतल्या मट्टनचेरीत गेलो आणि गप्प झालो.

फोर्ट कोचीला सगळे मासेमारीची चिनी जाळी बघतात, वास्को द गामाला 1524 साली पुरलं ते सेंट फ्रान्सिस चर्च बघतात आणि निघतात. (गामा तिथे नाही. हाडं पुढे पोर्तुगालला नेली. रिकाम्या जागेचा फोटो काढायला रांग असते.) बाबांना तिथून रिक्षाने मट्टनचेरीत, चेरलाईला न्या. तिरुमल देवस्वम नावाचं देऊळ आहे, वेंकटेशाचं. ते सारस्वतांचं. सोळाव्या शतकात पोर्तुगिजांच्या जाचाला कंटाळून गोव्याहून निघालेले लोक होडीने दक्षिणेला गेले, त्यांचे वंशज. चारेकशे वर्षं मल्याळममध्ये राहून घरात अजून कोंकणी. मी देवळाबाहेर एका पापडवाल्या आजींशी बोललो. त्यांचं अर्धं मला कळलं, माझं अर्धं त्यांना. "दाळीतोय" (कोंकणी वरण) म्हटल्यावर दोघंही हसलो.

आता जे सांगतो ते बाबांना नक्की सांग. कोचीला डचांचा एक गव्हर्नर होता, व्हॅन रीड. त्याने मलबारच्या झाडपाल्यावर बारा खंडांचा ग्रंथ करवून घेतला, होर्टुस मलाबारिकस. पहिला खंड 1678 ला ॲम्स्टरडॅममध्ये छापला. झाडांची माहिती देणारे मुख्य वैद्य इट्टी अच्युतन, आणि त्यांच्याबरोबर कोचीचे तीन कोंकणी भट: रंग भट, विनायक पंडित, आपू भट. या तिघांनी आपण हे काम केल्याचं प्रमाणपत्र लिहून दिलं, 1675 साली, कोंकणी भाषेत आणि नागरी अक्षरात. ते जसंच्या तसं त्या खंडात छापलंय. म्हणजे रायगडावर राज्याभिषेक होऊन वर्षही पुरतं झालं नव्हतं, तेव्हा कोचीत बसून कोकणपट्टीची माणसं नागरीत सही करत होती आणि ती हॉलंडात छापली जाणार होती. बाबा शिक्षक होते ना? त्यांना हे पुरेल.

दुसरी गोष्ट, कुट्टनाड. आलेप्पीच्या मागचा भाग. तिथली भातशेती समुद्रसपाटीच्या खाली आहे, मीटर-दोन मीटर. खाडीत बांध घालून पाणी उपसून जमीन काढलेली. होडीतून जाताना तुम्ही वर आणि शेतकरी खाली, असं उलटं दृश्य दिसतं. कोकणी माणसाला खारबांध ठाऊक असतो, गोवेकराला खाजण. पण बांधावर उभं राहून डाव्या हाताला पाणी आणि उजव्या हाताला त्याच्याही खाली हिरवं भात, हे आपल्याकडे मी इतक्या मोठ्या पसाऱ्यावर पाहिलेलं नाही. तिथल्या वेंबनाड सरोवरावर तण्णीरमुक्कम इथे लांबलचक बंधारा आहे. डिसेंबरच्या सुमारास त्याची दारं पाडतात, म्हणजे समुद्राचं खारं पाणी भातात शिरत नाही. मासेमार त्यावर चिडलेले असतात, कारण मासा खाऱ्या पाण्याबरोबर येतो. आमच्या गावात खारबंदीवरून हेच भांडण चालायचं. बाबा तिथे अर्धा दिवस उभे राहतील, मी लिहून देतो.

आणि कुडंपुळी. काळी, धुरावर वाळवलेली, त्यांच्या माशाच्या आमटीत असते. आपल्या कोकमाची सख्खी बहीण, एकाच कुळातली. आमसूल उन्हात वाळतं, ही धुरात. चव ओळखीची आणि तरी नाही. माझं तोंड सरळ झालं ते ह्या आमटीने.

----

प्रेषक: माई, ॲलन

अण्णांनी बाबांचं केलं, मी आईचं बोलते.

हाउसबोट. सगळे म्हणतील घ्याच. आम्ही घेतली होती. नाव नाही लिहीत, भांडण नको. दुपारी बाराला चढवतात आणि सकाळी नऊला उतरवतात. संध्याकाळी साडेपाचला बोट बांधून ठेवतात, कारण त्यानंतर पाणी कोळ्यांच्या जाळ्यांचं. ते योग्यच आहे. म्हणजे खरं फिरणं चारेक तासांचं. एसी रात्री नऊनंतर, हे पैसे भरून झाल्यावर कळलं. आमच्या बोटीचं सांडपाणी कुठे जातं हे मी विचारलं तर पोरगा हसला. मला रात्रभर झोप लागली नाही. तरीही जुनी केट्टुवळ्ळम एकदा जवळून बघा. खिळा न ठोकता फळ्या काथ्याने शिवलेल्या असतात. आधी त्यात भात वाहायचे, आता पाहुणे.

शिवाय चढायला काठावरून एक फळी टाकतात. तुझ्या आईच्या गुडघ्यांना ती नाही जमायची.

त्यापेक्षा कुट्टनाडात कुणाच्या घरी राहा, आणि दिवसा छोटी शिकारा (छपराची होडी) घ्या. आलेप्पीहून कोट्टायमला सरकारी बोट जाते, अडीचेक तास, तिकीट वडापावाच्या भावात. शाळेची मुलं, बाजाराच्या पिशव्या, सगळं तीत असतं. मुलांना ती जास्त आवडेल.

देऊळ आईला हवंच असणार. गुरुवायूर म्हणेल. डिसेंबरात तिथली रांग तिला झेपणार नाही, हे आधीच सांगून ठेव. अशा मोठ्या देवळांत बहुधा पुरुषांना शर्ट काढून मुंडू (लुंगीसारखं नेसायचं वस्त्र) लागतो, पँट चालत नाही. बाबांचं सोवळं बॅगेत टाकायला सांग, भाड्याचं घ्यावं लागणार नाही.

जेवताना कोमट गुलाबी पाणी देतील. घाबरू नका, पतंग नावाच्या झाडाच्या लाकडाचं असतं. आमची नात म्हणाली, "आज्जी, कोकम सरबतात साखर घालायला विसरले." भात जाडा आणि तांबूस येईल. रोज नको असेल तर अप्पम (तांदळाचं जाळीदार घावन) आणि इष्टू (नारळाच्या दुधातला रस्सा) मागवा, मुलं मुकाट खातात. खोबरेल तेलाचा वास आईला पहिल्या दिवशी येईल, मग येणार नाही.

----

प्रेषक: कागदपत्रांचे मामा, प्लेनो

मुलांचे पासपोर्ट नवे झाले असतील तर ओसीआयच्या (परदेशी नागरिक असलेल्या भारतीय वंशाच्या लोकांचं कार्ड) साइटवर नवा पासपोर्ट आणि फोटो चढवा, मुलं विसाच्या आतली आहेत तोवर दर नव्या पासपोर्टला. ओसीआय नसेल त्यांनी ई-व्हिसा सरकारी साइटवरच काढा, सारख्या दिसणाऱ्या खाजगी साइट दुप्पट पैसे घेतात. विमान दोहा किंवा दुबईमार्गे थेट कोचीला मिळतं, मुंबईला उतरायची गरज नाही. मट्टनचेरीचा राजवाडा शुक्रवारी बंद, ज्यूंचं सिनेगॉग शुक्रवार-शनिवार बंद. त्या दिवशी जाऊ नका, मी गेलो होतो.

----

प्रेषक: नवी सभासद, प्लेनो

सगळ्यांना मनापासून धन्यवाद. अण्णा, नाव लिहायचं परत राहिलं, क्षमस्व. बोलावताना "प्लेनोवाली" म्हणा.

मुन्नार कापलं. नवरा दोन दिवस बोलला नाही, मग त्यानेच एक्सेलमधली ती ओळ लाल केली. आता कोचीत चार रात्री, कुट्टनाडात एका घरात चार, आणि शेवटची परत कोचीला. एकूण दोन जागा. कोवळमबद्दल मुलांशी वाटाघाटी झाल्या, चेराई किनाऱ्यावर एक दिवस देऊन मिटवल्या.

बाबांना अण्णांची मेल वाचून दाखवली. भटांच्या सह्यांपर्यंत ते गप्प होते. मग म्हणाले, "ते नागरी अक्षर मोडीसारखं की बाळबोध?" मला माहीत नव्हतं. आता ते रोज हेच विचारतात, आणि रत्नागिरीच्या वाचनालयात जाऊन आलेत. आमसुलांची पुरचुंडी बरोबर घेणार आहेत, म्हणे कुडंपुळीशेजारी ठेवून बघायची. आईने सोवळं धुवायला काढलं.

विमान नको, गाडीच हवी, हा त्यांचा हट्ट कायम आहे. नेत्रावती रत्नागिरीला संध्याकाळी येते, दुसऱ्या दिवशी दुपारी एर्नाकुलम, म्हणजे कोचीचं स्टेशन. 20 डिसेंबरचं तिकीट हवंय. आरक्षण आता साठच दिवस आधी उघडतं, म्हणजे 21 ऑक्टोबरला भारतातले सकाळचे आठ, आपल्याकडे 20 ची रात्र, साडेनऊ. खालच्या दोन बर्थ हव्यात. त्या रात्री कुणाचं आयआरसीटीसीचं (रेल्वे तिकिटांची साइट) खातं चालू असेल तर कळवा, माझं पासवर्ड विसरल्यामुळे बंद पडलंय.

चकलीची भाजणी मी देते.